सोडवलेली व्ही.पी., परत आलेली व्ही.पी.

गेल्या अंकात संपादकांनी ‘प्रकाशकांना काय विचाराल?’ अशी एक ओळ छापली आणि माझ्या टेबलावर पत्रांची चळत येऊन पडली. ३ पोस्टकार्डं, बाकी सगळे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. पोस्टकार्डं आधी वाचली, सवय. १९७९ साली, बी.ए.चा निकाल लागून पंधरवडाही झाला नसेल, मी सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनाच्या कचेरीत टपाल फोडायला लागले. २०१६ साली निवृत्त झाले तेव्हा पाटीवर ‘व्यवस्थापक’ होतं, पण रोज सकाळी टपाल मीच फोडत होते. त्यामुळे मी मालकांची बाजू घेईन असं कोणी समजू नये. वाचकांचीच घेईन असंही नाही.

प्रश्न : १६० पानांचा कथासंग्रह, किंमत ३०० रुपये. म्हणजे पानाला जवळपास २ रुपये. प्रकाशक वाचकांना लुटतात असं म्हटलं तर चुकलं कुठे? माझे विद्यार्थी पीडीएफ फिरवतात, मी त्यांना अडवत नाही. (एक प्राध्यापक, लातूर)

सर, ३०० रुपयांची मोड करून दाखवते. पुस्तक वितरकाकडून दुकानात गेलं तर ४० ते ५० टक्के कमिशनमध्ये जातात. मधला आकडा धरा, १३५ रुपये. लेखकाचं मानधन १० टक्के धरा (बऱ्याच करारांत तेवढंच असतं), ते ३०. राहिले १३५. यातून कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाचा चित्रकार, गोदामाचं भाडं, आणि दुकानातून वर्षभराने परत आलेल्या, कोपरे दुमडलेल्या प्रती.

आता दुसरा हिशेब बघा. मी कामाला लागले तेव्हा पहिली आवृत्ती ११०० प्रतींची, असा प्रघात होता. हजार विकायच्या. वरच्या शंभरातल्या काही लेखकाला, काही अभिप्रायासाठी वर्तमानपत्रांना, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना एकेक. आज कित्येक कथासंग्रह ३०० प्रतींचे निघतात. जुळणी, प्रुफं, चित्रकार यांचा खर्च प्रती किती काढता त्यावर ठरत नाही. ३०० काढा नाही तर ११००, तो तेवढाच. समजा तो ४४,००० रुपये झाला. ११०० प्रतींवर वाटला तर प्रतीमागे ४० रुपये. ३०० प्रतींवर वाटला तर १४७. म्हणजे कागदाला हात लावायच्या आधीच तुमच्या प्रकाशकाचे ते १३५ रुपये संपलेत.

मग तो जगतो कसा? काही प्रती कमिशन न देता थेट विकतो. काही ग्रंथालयांना जातात. काही जण लेखकाकडूनच पैसे घेतात आणि त्याला ‘सहभाग’ म्हणतात. मला तो शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. आणि काही जण जगत नाहीतच, अप्पा बळवंत चौकातली पाटी एके दिवशी उतरते एवढंच.

तुमचं एक मात्र खरं. आधी किंमत फुगवायची आणि दिवाळीच्या तोंडावर ‘४० टक्के सवलत’चा फलक लावायचा, हा खेळ आमच्या धंद्यात चालतो. त्यात फसतो तो नेमका निष्ठेने दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजणारा वाचक. यावर आमच्या कचेरीत माझी आणि मालकांची दोनदा भांडणं झाली. दोन्ही वेळा मी हरले.

‘श्यामची आई’ मग एवढी स्वस्त कशी, असंही तुम्ही खाली विचारलंय. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तो २०१० च्या अखेरीस संपला. तेव्हापासून ते पुस्तक कोणीही छापू शकतं आणि हमखास खपतं, म्हणून प्रतीही भरपूर काढतात. तुमच्या कथासंग्रहाच्या लेखकाची गोष्ट वेगळी. ते हयात आहेत, तुमच्या कॉलेजपासून एसटीने दीड तासावर राहतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना एकदा वर्गावर बोलवा आणि विद्यार्थ्यांना म्हणा, आता यांच्यासमोर ती पीडीएफ पाठवा.

प्रश्न : नव्या कादंबरीत ९६ नंतर एकदम ११३ वं पान. दुकानदार म्हणतो, प्रकाशकाला विचारा. प्रकाशक फोन उचलत नाही. (एक गृहिणी, चिपळूण)

ताई, तुमच्या पुस्तकात एक फॉर्म नाही. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की १६ पानांचा एक फॉर्म होतो. पुस्तक म्हणजे असे फॉर्म एकावर एक. बाइंडरकडे त्यांच्या थप्प्या रांगेने मांडलेल्या असतात आणि बायका चालत चालत प्रत्येक थप्पीवरून एकेक उचलत जातात. सातव्या थप्पीवरून हात घसरला की ९७ ते ११२ गायब. पुढच्या प्रतीत बहुधा तीच पानं दोनदा लागलेली असतात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात आणखी कोणीतरी तुमची पानं घेऊन बसलंय.

अशी प्रत बदलून देणं प्रकाशकाचं काम आहे, उपकार नव्हेत. मुखपृष्ठाचा, आवृत्तीची माहिती असलेल्या पानाचा आणि ९६-११३ जिथे समोरासमोर आलीत तिथला असे तीन फोटो काढा, बिलाचा चौथा, आणि मेल करा. फोनवर सांगितलेलं हवेत जातं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच फोटो दुकानदाराला पाठवा आणि ठामपणे सांगा की पैसे तुम्ही त्याला दिलेत. दुकानदारालाही वितरकाकडे अशी प्रत परत करता येते. त्याला ते माहीत असतं, फक्त कंटाळा असतो.

यावरून एक आठवलं. १९८६ किंवा ८७ असेल. वरोऱ्याहून एका शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं : ‘आपल्या पुस्तकातील पृष्ठ १०४, ओळ ११ मधील शब्द “ओसरी” आहे की “ओसरे”? वाचनालयाच्या प्रतीवर शाई पसरली आहे.’ मला काही बोध होईना. उलट टपाली विचारलं. तर त्यांच्या प्रतीत एक फॉर्म नव्हता. त्यांनी तक्रार केली नाही; सुट्टीत नागपूरला गेले, तिथल्या वाचनालयात बसून १६ पानं हाताने उतरवून आणली आणि मधे शिवून टाकली. एका शब्दावर गाडी अडली म्हणून कार्ड. आम्ही नवी प्रत रवाना केली आणि मालकांनी चिठ्ठी जोडली, जुनी आम्हाला द्याल का, कचेरीत ठेवू. महिन्याने उत्तर आलं. नवी प्रत शाळेला दिली, जुनी माझी मला पुरे. आणि पुढे, ‘शब्दाचा खुलासा राहिला.’ मालक स्वतः उठले, मूळ हस्तलिखित कपाटातून काढलं आणि बघून कळवलं. ‘ओसरी’च होता.

प्रश्न : पाच खंडांच्या संचासाठी प्रकाशनपूर्व सवलतीत ४,८०० रुपये भरले. आज सव्वादोन वर्षं झाली. पहिला खंड आला, पुढे शांतता. पावती आहे. काय करू? (एक निवृत्त अभियंता, नागपूर)

प्रकाशनाचं नाव तुम्ही लिहिलंय, ते इथे देत नाही. पण ते वाचून मला नवल वाटलं नाही. त्याच योजनेत माझ्या धाकट्या बहिणीचेही पैसे अडकलेत, आणि तिने ते माझ्या सांगण्यावरून भरले होते. तेव्हा यात मी तटस्थ नाही.

प्रकाशनपूर्व सवलत म्हणजे वाचकाने प्रकाशकाला दिलेलं बिनव्याजी कर्ज. मराठीत ही रीत जुनी आहे आणि तिच्यावर मोठमोठी कामं उभी राहिली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांना ज्ञानकोश काढायचा होता, सरकारचा आधार नव्हता. त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली आणि गावोगाव हिंडून लोकांकडून पैसे उभे केले. या माणसाने लोकांच्या पैशांतून १९२० ते १९२९ या काळात २३ खंड वाचकांच्या हातात दिले. कॉम्प्युटर नव्हता, शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून. पाच खंडांसाठी सव्वादोन वर्षं कमी पडली असं आज कोणी म्हणालं की मला ते २३ आठवतात.

उशीर होतो, ते मला कळतं. संपादक आजारी पडतात, नकाशांची परवानगी अडकते. पण मग कार्ड टाका ना! आमच्याकडे एका चरित्राला १४ महिने उशीर झाला होता. दर तीन महिन्यांनी मी ६०० जणांना छापील पत्र पाठवत होते. पैसे परत मागितले ते ९ जणांनी.

तुम्ही काय करायचं : पावतीची प्रत जोडून पोचपावतीसह लेखी पत्र, १५ दिवसांची मुदत, आणि नेमकी मागणी : खंड अमुक तारखेला, नाहीतर पैसे परत. मुदत उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५ वर तक्रार. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. अशा रकमेसाठी वकील लागत नाही. बहिणीचं पत्र मी काल टाकलं. आपण दोघं बरोबरच आहोत.

प्रश्न : एका नामवंत प्रकाशनाच्या अनुवादात मी ४३ मुद्रणदोष काढून, तक्ता करून पाठवले. पोचसुद्धा नाही. प्रकाशक वाचकांची पत्रं वाचतात का? (एक वाचक, म्हापसा)

वाचतात. उत्तर मात्र देत नाहीत, कारण ४३ चुकांच्या तक्त्याला काय लिहायचं ते सुचत नाही. ‘आभारी आहोत’ म्हटलं की चुका मान्य झाल्या.

गिरगावात, खटाववाडीतल्या ‘मौज’ प्रकाशनाच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक एकेका हस्तलिखितावर महिनोन् महिने घालवत. लेखकाशी पत्रापत्री होई, शब्दावरून वाद होत. मौजेचं पुस्तक म्हणजे शुद्ध, हे वाचकांनी गृहीतच धरलेलं असे. ती शिस्त सगळीकडे होती असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे मी होते, आणि मिरजेचे एक निवृत्त स्टेशनमास्तर.

ते आधी नुसते वाचक. रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर लाल शाईने चुका लिहून पाठवायचे. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने आखलेले. पहिल्या वर्षी मालक चिडले. दुसऱ्या वर्षी हसले. तिसऱ्या वर्षी म्हणाले, हा माणूस छापून झाल्यावर चुका काढतोय, त्याला आधीच प्रुफं पाठवली तर? प्रुफांच्या दर १६ पानी फॉर्ममागे ठरलेले पैसे, शिवाय प्रत्येक पुस्तकाची एक प्रत. ११ वर्षं त्यांनी आमची प्रुफं वाचली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पहिल्याच पुस्तकावर एका वाचकाचं पत्र आलं, त्यात ६ चुका काढलेल्या होत्या. ते कार्ड मी त्यांना पाठवलं. त्यांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही, आणि मग लिहिलं : ‘पाच मान्य. सहावी चूक नाही, कोश बघावा.’

तुमचा तक्ता तुम्ही मलाही पाठवलात. मी तपासला. ४३ पैकी ४ माझ्या मते चुका नाहीत, कोकणी वळणाच्या बोलण्यात ते शब्द तसेच येतात आणि ते पात्र मालवणचं आहे. उरलेल्या ३९ साठी प्रकाशकाने तुम्हाला पुढच्या आवृत्तीची प्रत फुकट द्यायला हवी. पुन्हा पाठवा, पण या वेळी अनुवादकाच्या नावाने. अनुवादकाला पुढची आवृत्ती सुधारून हवीच असते, तो पाठपुरावा करेल.

प्रश्न : एक प्रवासवर्णन चार वर्षं शोधतोय. प्रकाशक म्हणतात, आवृत्ती संपली, मागणी नाही. मी मागतोय ती मागणी नव्हे का? (एक बँक कर्मचारी, डोंबिवली)

तुमची एकट्याची नव्हे, पण तिची नोंद कुठे होते हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे ‘मागणी वही’ होती. संपलेल्या पुस्तकाची कोणी चौकशी केली, पत्राने, फोनने किंवा जिना चढून येऊन, की नाव, गाव आणि तारीख. एका पुस्तकाखाली २०० नावं झाली की मालक कागदाचा भाव विचारायचे. नवी आवृत्ती आली की त्या २०० जणांना कार्ड, आणि त्यातले निम्मे तरी मागवायचे. आता ही चौकशी कुठे जाते? तुम्ही खरेदीच्या साइटवर नाव टाकता, ‘उपलब्ध नाही’ वाचता आणि बाहेर पडता. साइटवाल्यांना कळलं की डोंबिवलीत एकाला हे पुस्तक हवंय. प्रकाशकाला कळलं नाही. विक्रीतही तेच : ५०० प्रती गेल्या हे त्याला दिसतं, कोणाकडे गेल्या ते दिसत नाही. मी निवृत्त झाले त्या वर्षी आमची निम्मी विक्री अशी बिननावाची होती.

सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ या प्रकाशनसंस्थेने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतलं ते यासाठीच. आधी सभासद जमवायचे, मग पुस्तक काढायचं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली तिथूनच आलं. चळवळ काढा असं मी सांगत नाही, तुम्हाला सात-पंचावन्नची लोकल पकडायची असते. पण आता ५० प्रतीसुद्धा छापून मिळतात, महाग पडल्या तरी. ओळखीच्या वाचनालयात कागद लावा, ३० नावं आणि फोन नंबर जमवा आणि ती यादी घेऊन प्रकाशकाकडे जा. तो हक्कांचं कारण सांगेल. लेखकाच्या वारसांमध्ये जुळत नसलं की पुस्तकं अशीच अडतात. तसं असेल तर निदान ते तरी कळेल. चार वर्षं ‘मागणी नाही’ ऐकण्यापेक्षा बरं.

प्रश्न : इंदुरात मराठी पुस्तकांचं दुकान हाताशी नाही. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या निम्मा सांगतात. (एक आजोबा, इंदूर)

कुरिअरचा सांगत असतील. २०२४ च्या डिसेंबरात टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल, बंद केलं तेव्हा सगळ्याच प्रकाशकांचे हाल झाले. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल हळू जातं, पण पुस्तकाला कुठे घाई असते? प्रकाशकाला नाव घेऊन सांगा, ज्ञान पोस्टाने पाठवा. पाच-सहा पुस्तकं एकदम मागवलीत तर खर्च अगदीच थोडा पडेल. नवं काय आलं ते कळत नाही म्हणता, तर ‘ललित’ मासिक घरी लावा. १९६४ पासून तो अंक हेच काम करतोय. जयवंत दळवी त्यात ‘ठणठणपाळ’ नावाने आम्हा मंडळींच्या टोप्या उडवायचे तेव्हा आमच्या कचेरीत अंक आधी कोणी वाचायचा यावरून चढाओढ असे. आपलं नाव नाही ना, ते बघायला.

प्रश्न : थेट प्रकाशकाकडून कॅश ऑन डिलिव्हरीने तीन पुस्तकं मागवली. पार्सल आलं तेव्हा खात्यात पैसे नव्हते, म्हणून घेतलं नाही. प्रकाशकाने फोन करून सुनावलं. ग्राहकाला परत करायचा हक्क नाही का? (एक विद्यार्थी, नाशिक)

हक्काचं विचारतोस, पण तू तर ते पार्सल उघडलंही नाहीस. आमच्या वेळी याला व्ही.पी. म्हणायचे. पुस्तक टपालाने जायचं, पोस्टमन पैसे घ्यायचा, ते मनिऑर्डरने आमच्याकडे यायचे. लोक म्हणायचे, ‘व्ही.पी. सोडवून घेतली.’ नाही सोडवली तर सात दिवस पोस्टात पडून परत. वर निळ्या पेन्सिलीने ‘घेण्यास नकार’. जाण्याचा खर्च बुडाला आणि पुस्तकाचे कोपरे मोडले. सोमवारी परत आलेल्या व्ही.पीं.चा ढीग माझ्या टेबलावर पडला की मालक दिवसभर कोणाशी बोलत नसत. त्यामुळे तुला ज्यांनी सुनावलं त्यांचा सोमवार मला कळतो. तरी सुनावणं चूकच.

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराची व्ही.पी. ओळीने दोनदा परत आली. मी नाव खोडणार होते. मालक म्हणाले, आधी विचार. विचारलं. उत्तर आलं, पगार ७ तारखेला होतो, तुमचं पार्सल दोन्ही वेळा २५ च्या पुढे आलं. मागणी वहीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं : ‘८ ते १२ दरम्यान पोचेल असे पाठवणे.’ त्यानंतर २२ वर्षं त्यांची एकही व्ही.पी. परत आली नाही. वहीत अशा नोंदी बऱ्याच आहेत : ‘सुगीनंतर’, ‘परीक्षा झाल्यावर’, ‘घरी देऊ नये, शाळेत द्यावे’. कचेरी हलवली तेव्हा वही रद्दीत निघाली होती. ती मी घरी आणली.

तुझं विद्यावेतन कितव्या तारखेला जमा होतं ते त्या प्रकाशकाला कळव, आणि तिन्ही पुस्तकं पुन्हा मागव.